एकच पॉलिसी, दोन गाड्या

‘सर, जुन्या पॉलिसीचे आठ महिने शिल्लक आहेत, वाया कशाला घालवता? तीच नव्या गाडीवर फिरवून देतो, फक्त वरचा फरक द्या.’ गाडी बदलताना एजंट असं म्हणाला तर त्यात खोटं काही नसतं, आणि म्हणूनच ही फसवणूक पचून जाते. विमा कंपन्या चालू पॉलिसीवरची गाडी खरोखर बदलून देतात. खासगी कारच्या जागी खासगी कार, उरलेल्या मुदतीपुरता हप्त्यातला फरक, आणि या बदलाची नोंद असलेला एंडॉर्समेंटचा कागद. आमच्या एजंटाने यातलं फरक घेण्याचं काम तेवढं चोख केलं.

मी नाशिकमध्ये वॅगन आर विकून सेकंडहँड एर्टिगा घेतली. वॅगन आर सिन्नरच्या एका निवृत्त गुरुजींनी घेतली, आरसी बुकही त्यांच्या नावावर झालं. एजंट जुनाच, दरवर्षी पॉलिसी रिन्यू करून देणारा. त्याने फरकाचे म्हणून ७,४०० रुपये यूपीआयवर घेतले, तेही स्वतःच्या बायकोच्या खात्यावर. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. एर्टिगाचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं जागच्या जागी. एर्टिगाच्या आधीच्या मालकाची पॉलिसी थोड्याच दिवसांत संपणार होती. ‘ती संपू द्या,’ म्हणाला. संपली.

मुंबई नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाच्या मशीनवर ‘विमा संपलेला’ आलं. मी मोबाईलमधली पीडीएफ दाखवून वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, ‘कागद काहीही म्हणू दे साहेब, सिस्टीमला नाही.’ विम्याविना गाडी चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये, तो भरला. घरी आल्यावर भाच्याने पीडीएफवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर कंपनीच्या साइटवर माझीच पॉलिसी उघडली, पण गाडी वॅगन आर! त्या महाभागाने अक्षरं बदलली होती, क्यूआर मात्र जुनाच ठेवला होता. कंपनीच्या शाखेत विचारलं, तर गाडी बदलण्याचा अर्जच कधी आलेला नव्हता.

पुढचं जास्त संतापजनक आहे. गुरुजींना फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्याकडूनही याने ‘पॉलिसी तुमच्या नावावर करतो’ म्हणून पैसे उकळले होते. म्हणजे एकच पॉलिसी त्याने दोघांना विकली आणि कंपनीत दोघांपैकी कुणाचाच कागद पोचवला नाही. गुरुजींना सुरुवातीला मीही सामील आहे असं वाटलं, आणि त्यांच्या जागी मलाही तेच वाटलं असतं.

कायद्याने ती पॉलिसी वॅगन आरबरोबरच गेली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचं, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचं, संरक्षण नव्या मालकाकडे गेलं असं मानलं जातं. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, म्हणजे ओन डॅमेजचं तसं नाही. त्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गुरुजींची ती मुदत एजंटाच्या थापांत निघून गेली होती. गाडी कुठे ठोकली असती तर दुरुस्तीला दमडी मिळाली नसती.

हा ‘फरक’ आपल्यालाही ताडून पाहता येतो. थर्ड पार्टीचे दर ठरवून दिलेले असतात, सगळ्या कंपन्यांना तेच. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि १५०० पर्यंत ३,४१६. माझ्या दोन गाड्यांतला आठ महिन्यांचा फरक जीएसटी धरून हजाराच्या आसपास बसतो. उरलेली रक्कम ओन डॅमेजची म्हणायची, तर तिचा हिशेब गाडीच्या आयडीव्हीवरून, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीवरून, लेखी मिळायला हवा. मागितला, तेव्हा ‘कंपनीचं सॉफ्टवेअर काढतं’ हे उत्तर आलं. पैसे मागताना कुणी सॉफ्टवेअर पुढे केलं की कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावा. आणि पैसे फक्त कंपनीच्या लिंकवर भरा, एजंट घरचा असला तरी.

एनसीबीबद्दल, म्हणजे नो क्लेम बोनसबद्दल, तर तो अवाक्षर बोलला नव्हता. सलग पाच वर्षं क्लेम नसला तर ओन डॅमेजवर ५० टक्के सूट मिळते, आणि ती गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकल्याचा पुरावा दिला की कंपनी तसं पत्र देते, ते तीन वर्षं चालतं. मी ते घेतलं, एर्टिगाचं इन्स्पेक्शन करून घेतलं आणि थेट कंपनीकडून नवी पॉलिसी काढली. गुरुजींनी जुनी पॉलिसी रीतसर आपल्या नावावर करून घेतली. त्यात माझ्या एनसीबीची उरलेल्या मुदतीची रक्कम त्यांना भरावी लागली, यावर ते अजून नाराज आहेत.

पोलिसांत फसवणूक आणि बनावट कागदपत्राची तक्रार आम्ही दोघांनी मिळून दिली आहे, सोबत मूळ पॉलिसी, बनावट पीडीएफ आणि यूपीआयच्या पावत्या. एजंट फोन उचलतो, ‘उद्या टाकतो सर’ म्हणतो. तालुक्यात त्याचं दुकान अजून सुरू आहे.