लिटररी टर्म्ससाठी अब्राम्सची ग्लॉसरी: कशी आहे, कुणी घ्यावी

बी.ए., एम.ए. इंग्लिशवाले आणि नेट-सेटवाले सगळेच विचारतात की लिटररी टर्म्ससाठी, म्हणजे साहित्यातल्या संज्ञा समजून घ्यायला, कुठलं पुस्तक घ्यावं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, अमेरिकन समीक्षक एम. एच. अब्राम्सचं 'अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स'. पहिल्यांदा आलं १९५७ मध्ये, आणि अजून त्याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव ग्लॉसरी असलं तरी ही डिक्शनरी नाही. एकेका विषयावर छोटा निबंध असतो आणि त्यातच आजूबाजूच्या टर्म्स समजावलेल्या असतात. आयरनीचंच बघा, म्हणजे दिसतं एक आणि खरं असतं वेगळंच. गाईडमध्ये तीन प्रकार, तीन व्याख्या, पाठ करा आणि मोकळे व्हा. इथे वर्बल, म्हणजे बोलण्यातल्या आयरनीला जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं पहिलं वाक्य घेतलंय, श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार हे म्हणे जगमान्य सत्य, आणि खरी गोष्ट अशी की श्रीमंत नवरा मुलींनाच हवाय. मग स्विफ्टचा 'अ मॉडेस्ट प्रपोजल', तिथे बोलणारा माणूस शांतपणे गरिबांची पोरं खायला विकायचा हिशोब मांडतो, म्हणजे एखाद्या वाक्यात नाही तर अख्ख्या लेखाच्या बांधणीतच आयरनी. आणि ड्रॅमॅटिकला, म्हणजे प्रेक्षकाला माहीत पण पात्राला नाही अशा आयरनीला, ग्रीक नाटकातला ईडिपस, तो राजाच्या खुन्याला शोधून काढायच्या मागे लागलाय आणि प्रेक्षकाला माहितीये की खुनी तोच. हे एकापाठोपाठ वाचलं की फरक डोक्यात पक्का बसतो, पाठांतराची गरजच नाही.

मीटरचा, म्हणजे कवितेतल्या लयीचा भाग मराठी मीडियमवाल्यांनी आवर्जून वाचा. आपण शाळेत यमाताराजभानसलगा घोकलेलं असतं, मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, चार वेळा य गण, लघु-गुरू-गुरू, बोटावर मोजता येतं. त्यामुळे इंग्रजी कविता आली की आपण अक्षर ऱ्हस्व की दीर्घ तेच शोधत बसतो आणि तिथेच गाडी अडते, कारण इंग्रजीत मोजायचा असतो तो आघात. अब्राम्स कवी थॉमस ग्रेच्या एलेजीची (शोककवितेची) पहिली ओळ घेतो, 'द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे', आणि तिचे पाच तुकडे पाडून दाखवतो, प्रत्येकात आधी हलकं मग जोरात. मोठ्याने वाचा आणि टेबलावर बोट आपटत जा, कर्, टोल्स, नेल, पार्, डे, बरोब्बर या पाच जागी बोट पडतं. झालं, आयँबिक पेंटामीटर, म्हणजे हलकं-जोरात अशा पाच तुकड्यांची ओळ, कळलं!

कादंबरीसाठी पॉइंट ऑफ व्ह्यू (गोष्ट कोण आणि कुठून सांगतंय) आणि कॅरेक्टरच्या एंट्रीज छान आहेत, कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ मध्ये मांडलेली फ्लॅट (एकाच गुणावर उभी) आणि राउंड (अनेक पैलूंची) पात्रं तिथेच भेटतात.

आता त्रास कुठे होतो तेही सांगतो. फ्लॅट कॅरेक्टर शोधायला तुम्ही थेट एफ खाली निबंध शोधाल तर मिळणार नाही, जुन्या आवृत्त्यांत आधी मागची इंडेक्स बघायची, मग पान उघडायचं, मग त्या पानावर बोल्ड अक्षरातला शब्द हुडकायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री हे जाम वैताग आणतं. भाषा पण सोपी नाही, वाक्यं लांब, आणि उदाहरणं बहुतेक ब्रिटिश-अमेरिकन, त्यामुळे बी.ए. फर्स्ट इयरला मूळ कविता वाचलेलीच नसेल तर अर्धी मजा जाते. माझा सल्ला, रोज एकच एंट्री घ्या आणि त्यातली कविता नेटवर काढून शेजारी ठेवून वाचा.

आवृत्ती कुठली घ्यायची? नवव्या आवृत्तीपासून जेफ्री गॉल्ट हार्पमचं नाव सहलेखक म्हणून आहे. नेट-सेटला थिअरी खूप विचारतात, इकोक्रिटिसिझम (साहित्य आणि पर्यावरण), पोस्टकलोनिअल (वसाहतवाद आणि साहित्य) वगैरे, त्यामुळे नेट-सेटवाल्यांनी नवीनच घ्यावी. फक्त कविता-नाटक-कादंबरीच्या नेहमीच्या टर्म्स हव्या असतील तर जुनी पण मस्त चालते, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत किंवा ओळखीच्या सिनियरकडे विचारून बघा. फक्त सेकंडहँड घेताना शेवटची इंडेक्सची पानं शाबूत आहेत का ते आधी तपासा, ती फाटलेली असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.