बाख, मोझार्ट की स्ट्राउस : आधी कोणतं घराणं ऐकावं?

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचं मनावर घेतलं की पहिल्याच दिवशी नावांची अशी रांग लागते की उत्साहच मावळतो. म्हणून मी म्हणेन, सुटे संगीतकार नकोत, घराणं निवडा. बाख, मोझार्ट आणि व्हिएन्नाचे स्ट्राउस ही तीन सुरुवातीला भरपूर झाली. बापाने पोरांच्या संगीताचं काय केलं, यावरून तिथं काय ऐकायला मिळेल याचाही बराच अंदाज येतो. बाखने शिकवलं, लिओपोल्ड मोझार्टने मिरवलं, थोरल्या स्ट्राउसने अडवलं.

बाख मंडळी जर्मनीतल्या थुरिंगियाची. पिढ्यान्‌पिढ्या चर्च, दरबार आणि नगरांच्या नोकरीत वाजवणारी. मूळपुरुष फाइट बाख पाव भाजायचा आणि गिरणीत दळण चालू असताना तंतुवाद्य छेडत बसायचा, असं योहान सेबास्टियनने, म्हणजे आपण नुसतं बाख म्हणतो त्याने, १७३५ मध्ये केलेल्या कुलवृत्तांतात आहे. सेबास्टियनचा जन्म १६८५ चा, आयझेनाखचा. दहा वर्षांचा होण्याआधीच आईबाप गेले, थोरल्या भावाने सांभाळलं. दोन लग्नांतून वीस मुलं झाली, त्यातली दहाच मोठी झाली. माणूस सरळमार्गी असला तरी गरीब गाय नव्हता. वायमारच्या दरबाराची नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून १७१७ मध्ये जवळपास महिनाभर कोठडीत बसला.

त्याचं संगीत कळायला मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक वही. १७२० मध्ये थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा असताना बाखने ती त्याच्यासाठी घातली. सुरुवातीला स्वरलिपी, मग सजावटीच्या खुणा वाजवायच्या कशा याचा तक्ता, बोटं कुठं ठेवायची ते, आणि पुढे लहान लहान रचना. त्यातलेच काही प्रेल्यूड (छोट्या प्रास्ताविक रचना) वाढून १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविए’ या कळफलकाच्या वाद्यांसाठीच्या संग्रहात आले. पहिला, सी मेजर या स्वरपट्टीतला, दोन-अडीच मिनिटांचा आहे. ३५ बार, म्हणजे ठेक्याचे सारखे छोटे खंड. प्रत्येक बारमध्ये आठ स्वरांची एक आकृती, लगेच तीच पुन्हा, आणि पुढच्या बारला एखाददुसरा स्वर सरकलेला. चाल अशी नाहीच. शेवटाकडे खालचा एकच स्वर आठ बार धरून ठेवलेला, वर ताण वाढत जातो, आणि अगदी शेवटच्या तीन बारमध्ये आकृती मोडते. इतक्या थोड्या सामानात एवढं घडतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतं.

मुलांनी मात्र बापाची वाट धरली नाही. कार्ल फिलिप एमानुएल प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे राहिला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसतं बाख म्हटलं की लोकांना तोच आठवायचा. धाकटा योहान क्रिस्टियान लंडनला गेला. बापाचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे येशूच्या यातनांवरचं मोठं गायन १८२९ मध्ये विशीतल्या मेंडेल्सोन या संगीतकाराने बर्लिनला पुन्हा उभं केलं, तेव्हा कुठं लोकांनी मागं वळून पाहिलं.

साल्झबर्गच्या मोझार्टांकडेही वही आहे, पण तिचा सूर वेगळा. लिओपोल्डने १७५९ मध्ये ती मुलीसाठी, नानर्लसाठी केली. पुढे तीच तिच्या धाकट्या भावाच्या, वोल्फगांगच्या हाती आली आणि बाप त्यात नोंदी करू लागला : ही रचना वोल्फगांगर्लने (हे लाडाचं नाव) २४ जानेवारी १७६१ ला, पाचव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, रात्री नऊ ते साडेनऊत शिकली. घड्याळ लावून पोराचं कौतुक! १७६३ पासून जवळपास साडेतीन वर्षं दोन्ही मुलांना घेऊन तो युरोपभर फिरला. लंडनला आठ वर्षांच्या वोल्फगांगची गाठ योहान क्रिस्टियान बाखशी पडली, आणि ते ऋण तो विसरला नाही. क्रिस्टियान १७८२ मध्ये वारला, त्याच वर्षीच्या ए मेजर पियानो कॉन्चेर्टोच्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेच्या (के. ४१४; ‘के.’ हा मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) संथ भागात मोझार्टने त्याचीच धून घेतली आहे. नानर्ल वयात आली तशी तिचे दौरे थांबले. उत्तम वाजवणारी म्हणून नावाजलेली ही मुलगी घरी राहिली, याचा राग मला तरी येतो.

मोझार्टच्या संगीतात कायम कोणीतरी कोणाशी बोलत असतं. वाद्यंसुद्धा पात्रांसारखी येतात-जातात. ‘फिगारो’ (१७८६) हा ऑपेरा ऐकायला वेळ नसेल तर त्याच वर्षीच्या के. ४८८ कॉन्चेर्टोचा मधला भाग ऐका : पियानो एकटाच सुरू करतो, मग वाद्यवृंद त्याला उत्तर देतो. गाणं, नाटक, माणसांचे स्वभाव यांत ज्याचं मन रमतं, त्याने इथूनच सुरुवात करावी.

स्ट्राउसांचं थोडक्यात आटोपतं. थोरल्या योहानला मुलगा, धाकटा योहान, बँकेत हवा होता. मुलगा चोरून व्हायोलिन शिकला, तेही बापाच्याच वाद्यवृंदातल्या एकाकडे, आणि १८४४ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद घेऊन बापाला स्पर्धक म्हणून उभा राहिला. ‘ब्लू डॅन्यूब’ (१८६७) त्याचाच : संथ प्रस्तावना, एकापाठोपाठ पाच वॉल्ट्झ (तीन मात्रांची नृत्यं) आणि शेवटी आधीच्या धुनांची उजळणी. मधला भाऊ योझेफ पेशाने इंजिनिअर, आणि माझ्या मते तिघांत तोच अधिक हळवा. सर्वांत धाकट्या एडुआर्डने १९०७ मध्ये घराण्याच्या वाद्यवृंदाची कागदपत्रं भट्टीत घातली. इथं जपून ठेवलेल्या वह्या शोधू नका.

आता निवड. मोझार्ट सोपा, तिथून सुरू करा, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. मोझार्ट कानाला इतका गोड लागतो की आत काय चाललंय तिकडे लक्षच जात नाही. बाखचा तो प्रेल्यूड चार-पाचदा ऐकला की कान कामाला लागतात, मग के. ४१४ वरून मोझार्टकडे जाणं सोपं. एकट्याने बसून ऐकायची सवय मुळीच नसेल आणि संगीत कामधाम करतानाच लागणार असेल, तर सरळ स्ट्राउस घ्या. एका बैठकीत दोन-तीन वॉल्ट्झपेक्षा जास्त नकोत, नंतर सगळे एकसारखे वाटू लागतात. आणि शोधताना रिचर्ड स्ट्राउस पुढ्यात आला तर गोंधळू नका. तो म्युनिकचा, या घराण्याशी त्याचं काही नातं नाही.