कृषी केंद्राची फुकटची पॉकेट डायरी: कोरोनातल्या भेटीगाठी लिहाले कशी आहे?

राजेहो, हा रिव्ह्यू कोण्या मोबाईलचा नाही. जानेवारीत बियाणं-खतवाले रेक्झिनच्या कव्हरची जी डायरी वाटतात ना, तिचा आहे. आमच्याकडं घरोघरी दोनतीन पडून असतात, कोणी त्यात उधारी लिहिते, कोणी गाय कधी भरवली ते. मी 2021 मधे तिच्यात कुठं गेलो अन् कोणाले भेटलो एवढंच लिहिलं, कारण त्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडं पुन्हा कोरोनाच्या केसेस वाढल्या, 22 तारखेपासून अमरावती अन् अचलपुरात लॉकडाऊन लागला, अन् आपलं चना काढणं, कापूस नेणं सगळं नेमकं त्याच दिवसांत, घरी बसून कसं जमलं असतं.

आता कोणी म्हणन अॅप होतं ना बाप्पा. होतं, आरोग्य सेतू एप्रिल 2020 मधे आलं, माह्या फोनमधे बी होतं. पण ते ब्लूटूथवर चालत होतं, म्हणजे समोरच्याच्या फोनात बी अॅप पाहिजे होतं अन् ब्लूटूथ चालू पाहिजे होतं. आमच्या पारावर बसणाऱ्या अर्ध्या लोकायकडं बटनवाला फोन. त्यायच्यासाठी 1921 वर मिस कॉल द्यायची सोय केली होती, पण त्याच्यात ते तब्येतीचं विचारत होते, कोण कोणाजवळ बसला ते त्याले थोडी समजत होतं. अन् मास्क होता का नव्हता हे तर कोणत्याच फोनाले कळत नाही.

डायरीत ते लिहिता येते. माही एक नोंद जशीच्या तशी देतो: "मंगळवार. दर्यापूर, जिनिंग. गाडी खाली व्हाची वाट, दोन तास. ड्रायव्हरसोबत केबिनमधे, त्याचा मास्क गळ्यात. बाजूच्या गाडीवाले दोघं, नाव माहीत नाही, गाडी नंबर लिहिला मागच्या पानावर. चहा उभ्यानं." बस. नाव माहीत नसलं तर गाडीचा नंबर नाहीतर गाव लिहाचं, ही आयडिया एकच नंबर आहे, करून पाहा.

खरा उपयोग भाऊ पॉझिटिव्ह निघाला तेव्हा झाला. आशाताई अन् सिस्टर दारात उभ्या, लक्षणं दिसाच्या दोन दिवस आधीपासून कोणाकोणाले भेटले ते सांगा म्हणे. भाऊ म्हणते, "मी तं वावरातच होतो जी, कुठंच नाही गेलो." मी डायरी उघडली तं शनिवारी आम्ही दोघं चना घेऊन अडतीवर, अन् तिथून हा पठ्ठ्या कटिंगले गेला होता, खुर्चीवर मास्क काढून, गर्दी होती म्हणून मी बाहेर बसलो होतो ते बी लिहिलेलं. सिस्टरनं सगळ्यात पहिले कटिंगवाल्याले फोन लावला. तोंडाजवळ, बिना मास्कचं, पंधरा मिनिटाच्या वर, म्हणजे हाय रिस्क. अडतीवर मोकळ्यात दुरून बोललेल्यायले लो रिस्कमधे टाकलं. हे असं वेगळं करता आलं ते फक्त किती वेळ अन् कसं भेटलो ते लिहिलं होतं म्हणून, नुसत्या नावाच्या यादीनं अख्खं मार्केट घाबरलं असतं.

आता तक्रारी. कागद एवढा पातळ की जेलपेन मागच्या पानावर उमटते, बॉलपेनच वापरा. एका तारखेले पाचसहा ओळी, बाजाराच्या दिवशी पुरतच नाहीत, अन् रविवारले तं अर्धंच पान, जसं काही रविवारी माणूस माणसाले भेटतच नाही! सुरुवातीची कितीतरी पानं तणनाशकाच्या फोटोयची. पेन अडकवाले जागा नाही. वरच्या खिशात ठेवली की घामानं कडा फुगतात, मी दुधाच्या पन्नीत गुंडाळतो.

लोकायचा बी त्रास होता. "माहं नाव कायले लिहून राह्यला बे, पोलिसात देतं का?" असं तोंडावर विचारत होते. त्यायचं बी चुकलं नाही, 2020 मधे पॉझिटिव्हच्या दारासमोर बल्ल्या ठोकल्या होत्या अन् लोक त्या गल्लीतून जातच नव्हते. मी म्हणत होतो डायरी माह्या खिशात राहीन, सिस्टरशिवाय कोणाले दाखवत नाही. तरी एकदोघं ऐकत नव्हते, त्यायचं फक्त पहिलं अक्षर लिहित होतो. अन् पंधरावीस दिवस झाले की जुनं पान फाडून चुलीत, कारण चौदा दिवसांच्या मागचं कोणी विचारत नव्हतं.

पाचपैकी चार स्टार. एक कागदासाठी कापला. लिहाचं ते त्याच दिवशी संध्याकाळी जेवाच्या आधी लिहा, दुसऱ्या दिवशी चहा कोणासोबत घेतला ते बी आठवत नाही. यंदाची डायरी संपली असन तर दुकानदाराले मागच्या सालची मागा, त्याच्याकडं गठ्ठा पडलेला असते, वार तेवढे खोडून लिहाचे.