हॅवलॉक की नील? निवांत राहू इच्छिणाऱ्या जोडप्यासाठी

अंदमानला जायचे, पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेल पाहायचे आणि नंतर एखाद्या बेटावर शांतपणे राहायचे, इथपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक जोडप्यांचा बेत सारखाच असतो. घोडे अडते ते बेट ठरवताना. हाताशी उरलेल्या मोजक्या रात्री हॅवलॉकवर काढाव्यात की नीलवर, हा प्रश्न आम्हा दोघांपुढेही होता आणि दोन्ही ठिकाणी राहून आल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र ज्यांना गर्दी नको आहे, पाण्यातल्या खेळांची फारशी हौस नाही आणि खर्चही हात राखूनच करायचा आहे, अशांपुरतेच हे मत समजावे.

नावांबद्दल एक खुलासा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. कागदोपत्री नवी नावे असली तरी लोकांच्या तोंडी अजून जुनीच आहेत. अर्थात कागदावर एक आणि बोलण्यात दुसरे, अशी दोन नावे सांभाळून राहण्याचा सराव आपल्या भागातल्या माणसाला वेगळा द्यावा लागत नाही.

नुसता समुद्रच पाहायचा असेल तर चोर्ला घाट उतरला की गोवा आहेच, आणि तोही एका टाकी पेट्रोलात. त्यामुळे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळुरू गाठायचे, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर आणि पुन्हा बोट, एवढा खटाटोप जर करायचाच, तर गोव्यात जे मिळत नाही ते तिथे मिळावे, अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. माझ्यापुरती ती अपेक्षा एवढीच होती की किनाऱ्यावर बसलेले असताना कोणीही आपल्याला उठवू नये. बेटांची पारख मी याच कसावर केली आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्या बेताने वाचावे.

हॅवलॉकची बाजू लंगडी आहे असे कोणी समजू नये. राधानगरचा किनारा खरोखरच देखणा आहे. ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले होते आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनही मिळाले. पाठीशी उंच झाडांची दाट रांग, पुढे रुंद, मऊ वाळू आणि पोहण्याजोगे पाणी, हे तिन्ही एकत्र असलेला असा किनारा नीलवर नाही, हे मान्य करावेच लागेल. खाण्याच्या जागाही हॅवलॉकवर जास्त आहेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेल्या इंटरनेटच्या तारेचा एक फाटा हॅवलॉकला पोहोचला, नीलला पोहोचला नाही. मुले घरी ठेवून गेलेल्यांना किंवा दुकान नोकरांवर सोपवून गेलेल्यांना हा फरक रोज रात्री जाणवेल.

तरीही माझा कौल हॅवलॉकच्या विरुद्ध गेला, आणि त्याचे कारण वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. परवडण्याजोग्या खोल्या आणि झोपड्या बहुतांशी पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला आहेत. राधानगर मात्र पश्चिमेला, जेटीपासून दहा-बारा किलोमीटरवर, मधली टेकडी ओलांडून पलीकडे. म्हणजे ज्या संध्याकाळसाठी आपण एवढ्या लांब आलो, ती मुक्कामाच्या ठिकाणी मिळत नाही; तिच्यासाठी रोज वाहन ठरवावे लागते. बस आहे, पण तिच्या वेळा आपल्या सोयीच्या नसतात. रिक्षावाला परतीच्या भाड्यासह आणि ‘इतका वेळ थांबेन’ या अटीवरच येतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकतही नाही. त्यातच बेटावरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे आणि सूर्य मात्र थेट पूर्वेकडचा, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच, आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी, सूर्यास्त होतो.

सूर्य बुडाला म्हणजे संध्याकाळ संपली असे होत नाही. खरा रंग त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत चढतो, हे समुद्रकाठी बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नेमक्या त्याच वेळी झाडांखाली उभ्या असलेल्या रिक्षेचा हॉर्न दोनदा वाजायचा. सौभाग्यवती एका पायावर उभी राहून, माझ्या खांद्याचा आधार घेत चपलेतली वाळू झटकते आहे, पाठीमागे आकाश अजून जांभळे होत आहे आणि रिक्षावाला मीटर नसलेल्या रिक्षेतून घड्याळाकडे पाहत आहे, हा प्रसंग पुढच्या संध्याकाळी जसाच्या तसा घडला तेव्हा माझ्या मनातला काटा हलला. स्कूटर भाड्याने घेतल्यास हा प्रश्न सुटतो, असे कोणी म्हणेल आणि तरुण जोडप्यांच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण अनोळखी चढ-उताराच्या रस्त्यावर अंधारात, सगळे एकाच वेळी परतत असताना गाडी हाकणे मला निवांतपणात मोडण्यासारखे वाटले नाही.

नीलवर ही भानगडच उरत नाही. बेट लहान आणि बरेचसे सपाट आहे. किनाऱ्यांपैकी लक्ष्मणपूर जेटीपासून दोनेक किलोमीटरवर, भरतपूर तर अगदी लागूनच आणि पूर्वेच्या टोकाचे सीतापूर पाचेक किलोमीटरवर. भाड्याची सायकल पुरते. लक्ष्मणपूरच्या बाजूला खोली घेतली तर सूर्यास्ताला चालत जाता येते आणि अंधार पडल्यावर, मन भरले की, चालतच परत येता येते. सूर्योदयासाठी मात्र सीतापूरला पहाटे साडेचारलाच निघावे लागते. आम्ही ते एकदा केले आणि पुन्हा केले नाही.

गावाचा स्वभावही वेगळा आहे. पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांची वस्ती दोन्ही बेटांवर आहे, पण नीलवर ती अजून शेतीत गुंतलेली दिसते. आपली बेळगावची भाजी जशी रोज गोव्याला जाते, तशी नीलची भाजी पोर्ट ब्लेअरला जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, भेंडी, दुधीचे मांडव आणि सुपारीची झाडे आहेत. खानापूरकडच्या माणसाला वाफ्यापाशी थांबून चौकशी केल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंदी सगळ्यांना येते. जेवण साधे, भात, डाळ, ताजी भाजी आणि मासा; मोहरीच्या तेलाची सवय व्हायला मात्र एखादा दिवस जातो.

नीलची उणी बाजू भरती-ओहोटीची आहे आणि ती लहान नाही. ओहोटीला भरतपूर आणि लक्ष्मणपूरचे पाणी इतके मागे जाते की पोवळ्यांचे खडबडीत खडक उघडे पडतात. तेव्हा पोहणे दूरच, अनवाणी चालणेही पायाला महागात पडते. उलट लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची ती नैसर्गिक कमान, जिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, ओहोटीलाच नीट पाहता येते. थोडक्यात, नीलवर दिवसाचे वेळापत्रक आपण ठरवत नाही, पाणी ठरवते. खोलीच्या मालकाला दुसऱ्या दिवशीच्या भरतीची वेळ रात्रीच विचारून ठेवावी. मला हा जाच वाटला नाही, कारण समुद्राने उठवणे आणि रिक्षेच्या हॉर्नने उठवणे यांत माझ्या लेखी पुष्कळ अंतर आहे. परंतु रोज सकाळी तासभर पोहल्याशिवाय ज्यांना सुट्टी वाटत नाही, त्यांना नील खरोखरच कंटाळवाणे वाटू शकेल.

खर्चाच्या बाबतीत खोल्यांच्या भाड्यात मला फारसा फरक आढळला नाही. फरक पडतो तो रोजच्या रिक्षेच्या पैशांत. बोटीचे म्हणाल तर सरकारी बोट खासगीपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि तिच्या डेकवर वाऱ्यात उभे राहता येते, तर खासगी बोटीत काचेआड, वातानुकूलित खुर्चीत बसून राहावे लागते. सरकारी तिकीट मिळणे जिकिरीचे असते, हे खरे. नाताळ ते नववर्षाचा आठवडा दोन्ही बेटांवर टाळावा. भाताची सुगी उरकून जानेवारीच्या मध्यानंतर निघाल्यास हवाही चांगली आणि दरही उतरलेले मिळतात.

स्कूबा शिकायचे असेल, लग्नानंतरची पहिलीच सहल असेल, किंवा स्कूटरवरून भटकण्यातच मौज वाटत असेल, तर हॅवलॉक निवडण्यात काहीच वावगे नाही. बाकीच्यांनी माझ्या मते मुक्काम नीललाच टाकावा आणि राधानगरसाठी हॅवलॉकवर एखादीच रात्र ठेवावी. तीही आधी, म्हणजे पुढे नीलला गेल्यावर घाई उरत नाही. दोन्ही बेटांमध्ये थेट बोटी आहेत, त्यामुळे मध्ये पोर्ट ब्लेअरला परतावे लागत नाही. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्यावी आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र तिथेच काढावी, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान काही आपल्यासाठी थांबत नाही. सेल्युलर जेलही याच शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवता येईल. १९५० मध्ये सावरकरांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहात स्थानबद्ध केले होते, हे ठाऊक असलेल्या बेळगावकराला तिथल्या कोठड्यांपुढे जरा जास्त वेळ लागतो.