बिलावर फक्त ‘व्हाईट बोर्ड’ एवढंच लिहिलं होतं

मी चिपळूणला आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. गेल्या मे महिन्यात नवी जागा भाड्याने घेतली आणि तीन खोल्यांसाठी तीन व्हाईट बोर्ड घेतले. त्यात मी पुरती फसले. सगळं लिहून काढतेय, कारण जून जवळ आला की शाळा-क्लासवाले याच खरेदीला निघतात आणि मला बोर्ड विकणारा माणूस अजून तालुक्यात फिरतोय.

तो स्वतःहून आला होता. पिशवीतून वहीएवढा नमुना काढला, त्यावर मॅग्नेट लावला, तो खट्कन चिकटला. पर्मनंट मार्करने लिहिलं आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, डाग राहिला नाही. किल्लीने ओढलं, चरा उठला नाही. “मॅडम, हा सिरॅमिक. पंचवीस वर्षं बघायला नको.”

नमुना अस्सल होता, हे मुद्दाम सांगते. अशा बोर्डात पोलादी पत्र्यावर काचेसारखा थर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेला असतो. त्यात शाईला शिरायला जागाच नसते. म्हणूनच तो महाग असतो. ८ बाय ४ फुटांचा एक बोर्ड ११,००० रुपये, तिन्हींचे ३३,०००. निम्मे आगाऊ, निम्मे माल पोचल्यावर.

माल रविवारी संध्याकाळी आला. आभाळ भरून आलं होतं, टेम्पोवाल्याची घाई चालली होती. दोन पोरांनी दोन बोर्ड तासाभरात ठोकले. तिसऱ्या खोलीचा रंग ओला होता, म्हणून तिसरा तसाच भिंतीला टेकवून ठेवला. मी उरलेले पैसे दिले. त्या वेळी मॅग्नेट लावून बघावं असं मनातही आलं नाही, कारण नमुना डोळ्यांनी पाहिलेला होता.

जुलैमध्ये मी दहावीला वर्तुळाची जीवा शिकवत होते. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, ती खालची रेघ पण घ्यायची का?” ती रेघ आदल्या दिवशीच्या समरूप त्रिकोणाची होती. डस्टर दाबून फिरवला, ओल्या फडक्याने पुसलं, तरी हटेना. जवळ जाऊन पाहिलं तर बोर्डभर करड्या सावल्या, तीन आठवड्यांचं सगळं गणित एकावर एक. मागून बघणाऱ्या मुलांनी यातलं आजचं कोणतं आणि कालचं कोणतं हे कसं ओळखायचं? पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग आला.

फोन केला तर उत्तर तयार होतं : “मार्कर चुकीचा वापरलात.” मार्कर त्यानेच दिलेले होते. मग मॅग्नेट आणून लावला, तर तो सरळ जमिनीवर पडला. आमच्या सुतारदादांनी एका कोपऱ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी सोडवली. वर सनमायकासारखा पांढरा मेलामाइनचा थर, मागे भुशाचा बोर्ड. कोकणातल्या दमट हवेने तो कडेला इतका फुगला होता की नखाने खरवडताच कोंडा गळायला लागला. दुसऱ्या दुकानात विचारलं तेव्हा कळलं, तसला बोर्ड साडेतीन हजारांच्या आसपास मिळतो.

मेलामाइन वाईट असतं असं नाही. घरी, कधीमधी लिहायला चालतं. पण त्याच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतात, रोज सहा-सात तास लिहिलं-पुसलं की शाई त्यात मुरते. वर्गाला ते पुरत नाही.

आणि मॅग्नेट चिकटला म्हणजे सिरॅमिकच, असंही धरू नका. रंग दिलेल्या साध्या पत्र्यालाही मॅग्नेट चिकटतो. त्याच्यावर किल्लीने चरा उठतो. म्हणून ठोकण्याआधी, आलेल्या प्रत्येक बोर्डाची फिल्म कोपऱ्यात उचलायची, मॅग्नेट लावायचा, विक्रेत्याच्या देखत अगदी कडेला किल्ली ओढायची आणि बोर्डाची मागची बाजू पाहायची. तो नको म्हणाला तर उरलेले पैसे द्यायचे नाहीत.

माझी सगळ्यात मोठी चूक बिलात होती. त्यावर लिहिलं होतं : ‘व्हाईट बोर्ड ८×४, ३ नग’. सिरॅमिक हा शब्द तो दहा वेळा बोलला, लिहिला एकदाही नाही. पोलादी पत्रा, सिरॅमिक थर, मागच्या पाट्याचा प्रकार, हमीची वर्षं, हे सगळं पक्क्या बिलावर घ्या. नमुन्याचा तुकडा सहीसकट ठेवून घ्या.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. तो म्हणत होता, “धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही.” पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजत नाहीत. माझा क्लास मी एकटीच चालवते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘सिरॅमिक ११०००’ हा एक मेसेज माझ्याकडे राहिला होता, तोच आता कामाला येतोय.

पहिल्या खोलीत मी काळा फळा लावून घेतला, तिथे खडूने शिकवते. तिसरा बोर्ड अजून फिल्मसकट पोटमाळ्यावर आहे. पुढच्या तारखेला तो टेम्पोत घालून सोबत नेणार आहे.