दोन सीटची उघडी गाडी विदर्भातल्या गावात पोसवेल का?

गाडी चांगली आहे की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. बीएमडब्ल्यू झेड4 चांगलीच आहे, एमजी सायबरस्टरही चांगली आहे. खरा प्रश्न तुमच्या वाड्याच्या फाटकापासून पहिल्या चांगल्या डांबरी रस्त्यापर्यंतच्या तुकड्याचा आहे. तो तुकडा दोन किलोमीटरचा असो की बाराचा, रोज दोनदा त्यावरूनच जायचं आहे. समृद्धीवर ही गाडी कशी पळते ते सगळे सांगतात. गावच्या शाळेसमोरच्या गतिरोधकावर ती कशी चढते ते कोणी सांगत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

झेड4 ची जमिनीपासूनची उंची साधारण 115 मिलिमीटर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2470 मिलिमीटर. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे चढ अगदी सौम्य. त्यावर दोन्ही चाकं एकाच वेळी कमानीवर येतात आणि गाडीचं पोट अलगद वरून जातं. गावातला गतिरोधक असा नसतो. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक मुरूम-सिमेंट टाकून उंचवटा करतात. तो 15 सेंटिमीटर उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि 15 सेंटिमीटरचा दगडी उंचवटा 11 सेंटिमीटरच्या पोटाखाली येतो. इथे वेग कमी करून काहीच साधत नाही. गाडी घासणारच.

उपाय एकच, तिरकी घालायची. साधारण 45 अंशांत घातली तर चाकं एकामागून एक चढतात, बराच वेळ एखादं चाक उंचवट्यावर असतं आणि पोट घासण्याची शक्यता कमी होते. त्यासाठी रस्ता दोन गाड्यांच्या रुंदीचा लागतो आणि समोरून ट्रॅक्टर येत नसावा लागतो. एकेरी डांबरी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीच्या खोल साईडपट्ट्या असतील तर तिरकी घालायला जागाच उरत नाही.

गाडी बघायला जाण्याआधी हे मापून घ्या. दहा सेंटिमीटर उंचीचे दोन लाकडी ठोकळे कापा. रिकाम्या गाडीची उंची 115 असली तरी दोन माणसं आणि भरलेली टाकी धरून ती खाली बसते, म्हणून ठोकळे 10 सेंटिमीटरचेच हवेत. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराइतकी सुतळी दोन्ही ठोकळ्यांच्या माथ्यावर ताणून बांधा आणि रस्त्याच्या दिशेने अर्ध्या-अर्ध्या फुटाने पुढे सरकवत गतिरोधक पार करा. सुतळी कुठेही टेकली तर गाडी टेकणार. फाटकाचा उतार, नाल्यावरचा रपटा आणि पुलाच्या तोंडाशी खचलेला सांधा या तीन जागाही अशाच तपासा. रपट्यावर उतरताना पोटापेक्षा पुढच्या बंपरचा ओठ आधी लागतो, त्यामुळे तिथे उताराच्या सुरुवातीला गाडीचं नाक कुठे येईल तेही बघा. घर ते हायवे या टप्प्यात सुतळी एक-दोन जागी टेकली आणि तिथे तिरकं जायला जागा असेल, तर पुढे विचार करायला हरकत नाही. पाच-सहा जागी टेकत असेल तर आमचं स्पष्ट मत: घेऊ नका.

घासली तर काय होतं, तेही क्रमाने समजून घ्या. आधी खालचा प्लास्टिकचा ट्रे फाटतो, त्याच्या क्लिपा सुटतात आणि पुढे वेगात तो फडफडून उरलेलाही तुटतो. मग सायलेन्सरच्या पाइपला पोचे पडतात. सगळ्यात महाग दणका ऑइलच्या चेंबरला. चेंबरला चीर गेली आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, तर त्याच जागी इंजिन बंद करायचं, पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. साध्या विमा पॉलिसीत दणक्याचं नुकसान मिळतं, पण ऑइल नसताना इंजिन चालवून ते धरलं तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोडलेलं नसल्यास दावा नाकारला जातो. अशी गाडी ओढून न्यायची वेळ आली तर सपाट प्लॅटफॉर्मचीच टोइंग मागवा. पुढून उचलून नेणाऱ्या क्रेनने मागचा बंपर रस्त्याला घासतो आणि जिच्या मागच्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो अशी गाडी तशी ओढणं गिअरबॉक्सलाही वाईट.

टायरचं गणित याहून सोपं आहे. झेड4 च्या एम40आय मॉडेलला पुढे 255/35 आणि मागे 275/35, 19 इंची. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. म्हणजे पुढच्या टायरची कड जेमतेम 89 मिलिमीटर. थारच्या 255/65 टायरची कड 166 मिलिमीटर भरते. पावसाळ्यानंतर यवतमाळ-वाशीमकडच्या आतल्या रस्त्यांवर जे धारदार काठाचे खड्डे पडतात, त्यात 89 मिलिमीटरची कड रिमपर्यंत दबते. मग टायरला फुगा येतो किंवा रिमला वाक. मधल्या पट्ट्यातलं पंक्चर कोणताही पंक्चरवाला काढून देतो, बाभळीचा काटा असो की बंडीचा खिळा. पण पऱ्हाटीच्या खुंटाने टायर कडेला फाटला तर त्याला इलाज नाही, टायर बदलावाच लागतो, आणि हे माप तालुक्याच्या दुकानात नसतं. गाडीत स्टेपनीही नसते, फक्त हवा भरण्याचं किट असतं. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदलीची सोयही नाही. अशी गाडी घेणाऱ्याने पुढचा एक आणि मागचा एक टायर पहिल्याच दिवशी घरी आणून ठेवावा. ही चैन नाही, गरज आहे.

आता टपाकडे. माणूस या गाडीचे पैसे टपासाठीच मोजतो. झेड4 चा कापडी टप दहा सेकंदांत उघडतो, गाडी ताशी 50 किलोमीटरपर्यंत चालू असतानाही. यंत्रणा उत्तम आहे. पण आपल्याकडे तो उघडायचा कधी? मेच्या दुपारी अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीत पारा 45 च्या पुढे जातो. अशा वेळी टप उघडला तर दहा मिनिटांत सीटबेल्टचं बकल हाताला चटका देतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोयाबीन मळणीचा भुसा हवेत, आणि कितीतरी गावांत धान्य रस्त्यावरच वाळत घातलेलं. खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. त्या साडेचार महिन्यांत मात्र मजा शंभर टक्के. पहाटे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, सागाच्या पानांत धुकं अडकलेलं असताना, या गाडीला दुसऱ्या कोणत्याही गाडीची सर येत नाही. वळणांवर ती जमिनीला धरून राहते, आणि डोक्यावर छत नसल्याने पुढच्या वळणावरच्या एसटीचा हॉर्न आधी ऐकू येतो.

फक्त चिखलदऱ्यात गाडी कुठेही उभी करू नका. वानरं टपावर उड्या मारतात आणि कापडाला नखं लागतात. पत्र्याच्या गाडीवर ओरखडा येतो, इथे टप फाटतो.

कापडी टप तीन थरांचा असतो: वर विणलेलं अॅक्रिलिक कापड, मध्ये रबर, आत अस्तर. आपल्या उन्हात आधी कापड जात नाही, शिलाईचा दोरा जातो. मागच्या काचेच्या कडेची आणि दुमडीवरची शिवण नखाने हलकी ओढून बघा. दोरा भुरभुरला तर तो टप दोन पावसाळेही काढणार नाही. जुन्या गाड्यांत मागची काच प्लास्टिकची असते, ती पिवळी पडून तडकते. दारांवरचं रबर उन्हाने कडक होतं आणि पाणी आत येतं. त्याला दर दोन महिन्यांनी सिलिकॉनचं ग्रीस बोटाने चोळायचं. पेट्रोल, डिझेल किंवा ऑइलचा बोळा फिरवायचा नाही, रबर फुगतं. टप ओला असताना दुमडून ठेवला तर आतून बुरशी धरते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पाणी वाहून जाण्याची भोकं. टपावरचं पाणी सीटच्या मागच्या पन्हळीत येतं आणि तिथून नळीने खाली जातं. कडुलिंबाची पानं, धूळ आणि जिनिंगच्या गावात उडणारा कापसाचा तंतू यांचा मिळून गोळा बसतो, नळी तुंबते आणि पाणी कार्पेटखाली किंवा दाराखालच्या पत्र्यात साचतं. मृगाआधी एकदा आणि श्रावणात एकदा पेलाभर पाणी पन्हळीत ओतून बघा. गाडीखाली लगेच धार लागली तर ठीक. नाही लागली तर मऊ नायलॉनची दोरी फिरवून साफ करा. हवेच्या प्रेशरने फुंकू नका, नळी जोडातून सुटते आणि मग ती बसवायला आतलं सगळं उघडावं लागतं.

सायबरस्टरचा विचार करणाऱ्यांसाठी वेगळं. ही विजेची आहे, बॅटरी 77 किलोवॅट-तासांची, किंमत 75 लाखांच्या आसपास, आणि वजन दोन टनांच्या जवळ. सरळ रस्त्यावर ती झेड4 ला मागे टाकते, वळणावर वजन जाणवतं. गावातल्यांनी आधी घरच्या वीजजोडणीचा मंजूर भार बघावा. 7 किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला अकरा तासांहून जास्त, आणि 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर पूर्ण दिवस. मंजूर भार 2 किलोवॅटचा असेल तर चार्जर बसवण्याआधी भारवाढीचा अर्ज करा आणि स्वतंत्र अर्थिंग टाका. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गावात चार्जर मध्येच बंद पडतो, सकाळी उठून बघावं तर गाडी अर्धीच भरलेली. शिवाय ही गाडी मोजक्या शहरांतल्या वेगळ्या शोरूममधून विकली जाते. सर्व्हिस नेमकी कुठे मिळेल आणि बिघाड झाल्यास गाडी तिथपर्यंत कोणाच्या खर्चाने जाईल, हे लेखी घ्या.

कमी पैशांत हौस भागवायची म्हणून काही जण जुनी सॅन स्टॉर्म शोधतात. गोव्यात बनलेली ही छोटी दोन सीटची गाडी, रेनॉचं 1149 सीसीचं, 60 अश्वशक्तीचं इंजिन, फायबरची बॉडी. फायबरचा फायदा खरा आहे: बॉडी गंजत नाही, आणि चीर पडली तर पाण्याच्या टाक्या जोडणारा फायबरवालाही ती भरून देतो. पण आतली चेसिस लोखंडाची आहे. खाली झोपून सस्पेन्शन जिथे बसतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. खपली निघाली तर सौदा सोडा. इंजिनचे सुटे भाग शोधावे लागतात, त्यामुळे बंद पडलेली गाडी ‘थोडं काम आहे’ म्हणून स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. बहुतेक गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी संपलेली असते. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आधीच्या मालकाने भरल्याशिवाय, आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवल्याशिवाय, पैसे देऊ नका.

कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. समृद्धीवर उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर 120 च्या वेगाने तासभर चालल्यावर असं टायर फुटू शकतं. हवा कमी असेल तर धोका दुप्पट. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजा.

रात्रीच्या प्रवासाबद्दल आमचं मत कडक आहे. गावच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर ही गाडी काढू नये. बसणाऱ्याचे डोळे इतके खाली असतात की समोरच्या ट्रकचा प्रकाश सरळ डोळ्यांत येतो. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा मागचा फाळका नेमका काचेच्या उंचीवर असतो. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं तर तेही बोनेटवरून आतच येतं.

चढणं-उतरणं शोरूममध्येच तपासा. टप बंद करून अर्धा तास बसा, मग बाजूला भिंत आहे असं समजून दार अर्धंच उघडून उतरा. कंबर किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला, आणि लुगड्यातल्या आजीला, ही गाडी जमत नाही. सीट दोनच आहेत, त्यामुळे घरी दुसरी चारचाकी असेल तरच पुढचा विचार. दवाखाना, लग्न, बियाणं, सगळं त्या दुसऱ्या गाडीवर पडणार.

पावसाळ्यात उभी ठेवताना पक्की शेड हवी, झाडाखाली नाही. टाकी भरलेली ठेवा, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते रिकाम्या टाकीतल्या हवेतला ओलावा ओढतं. बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी ठेवू नका, उंदीर वायरिंग आणि टपाचं अस्तर दोन्ही कुरतडतात.

सुतळीच्या मापात गावचा रस्ता बसत नसेल, पण उघड्या गाडीची ओढ खरी असेल, तर 2020 नंतरच्या पिढीची कापडी टपाची थार जुन्या बाजारात शोधा. जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच, सीट चार, पांदणीतही जाते. टप हाताने काढावा लागतो, वेगात आवाज येतो, आणि वळणावर ती स्पोर्ट्‌स कार नाहीच. माप बसत असेल, तर मात्र बुकिंगची रक्कम देण्याआधी शोरूमवाल्याला टेस्ट ड्राइव्ह तुमच्या गावापर्यंत द्यायला सांगा. दोघांनी बसून, टाकी भरून, फाटकाच्या आत गाडी नेऊन परत बाहेर काढा. नाही म्हणाला तर त्याच मॉडेलची जुनी गाडी असलेल्या मालकाला पेट्रोलचे पैसे देऊन एकदा गावात आणवा.