चुंबे बेट, झांझिबार: मुक्काम करा, आणि तारीख तिथी पाहून ठरवा

पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाचा भाग असलेल्या झांझिबारच्या स्टोन टाउनपासून (तिथल्या शहराच्या जुन्या भागापासून) दक्षिणेला साधारण १२ किलोमीटरवर चुंबे हे छोटे प्रवाळी बेट आहे. लांबी जेमतेम किलोमीटरभर, रुंदी त्याहून कितीतरी कमी. पश्चिमेकडचा प्रवाळपट्टा आणि बेटावरचे जंगल झांझिबार सरकारने १९९४ मध्ये संरक्षित जाहीर केले आणि देखभाल एका खासगी, ना-नफा तत्त्वावरच्या संस्थेकडे सोपवली. पर्यटकांच्या पैशातून रक्षकांचे पगार निघतात आणि झांझिबारमधल्या शाळकरी मुलांना प्रवाळ दाखवायला आणले जाते. बेट टांझानियाच्या मुख्य भूमीवरच्या दार-ए-सलाम बंदराच्या जहाजांच्या वाटेवर असल्याने इथे मासेमारी आधीपासूनच कमी होती, म्हणून किनाऱ्याच्या इतक्या जवळ असूनही प्रवाळ शाबूत राहिले. मुक्काम महाग आहे, तरीही पैसे वसूल होतात. मात्र त्यासाठी तारीख नीट निवडावी लागते, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत.

लोक विमानाचे तिकीट पाहून तारीख ठरवतात. इथे पंचांग पाहावे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते, आणि पूर्ण ओहोटी सकाळी दहा-अकराच्या सुमारास येते. म्हणजे दहाची बोट घेऊन तुम्ही पाऊण तासाने पोचता, तेव्हा प्रवाळावर इतके कमी पाणी असते की पोहताना पोट घासेल. अशा दिवशी सकाळी उघड्या पडलेल्या खडकांवरची डबकी पाहायची, जंगलात जायचे, आणि पाण्यात दुपारी उतरायचे. चढती भरती बाहेरचे स्वच्छ पाणी आत आणते, त्यामुळे दिसतेही जास्त चांगले. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते. तेव्हा सकाळी पाणी भरलेले, ओढ कमी. नवख्या पोहणाऱ्यांना हेच दिवस सोयीचे, पण डबक्यांचा फेरफटका फिका पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे धरून हिशोब करावा. दोन रात्री राहिलात तर पोहणे आणि डबकी बहुधा दोन्ही साधते. दिवसाच्या सहलीत एकच काहीतरी नीट होते.

बोट म्ब्वेनी भागातल्या किनाऱ्यावरून सुटते. बेटावर धक्का मुद्दामच बांधलेला नाही. गुडघाभर पाण्यात उतरून चालत जायचे असते. चाकांची बॅग आणू नका, पाठीवरची आणा, आणि कॅमेरा व औषधे जलरोधक पिशवीत ठेवा. पायात रबरी तळाचे, बोटे झाकणारे बूट हवेत. खडकांच्या फटींत लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन हे गोल समुद्री जीव असतात. काटा पायात मोडतो आणि ओढायला गेले की त्याचा भुगा होतो.

बंगले फक्त सात. प्रत्येकाचे छप्पर पाणी गोळा करण्यासाठीच तसे बांधले आहे: पावसाचे पाणी गाळण थरांतून खालच्या टाकीत जाते, तिथून हातपंपाने वर चढवायचे. गरम पाणी सूर्यावर, दिवे सौर विजेवर. अंघोळीचे पाणी समुद्रात जात नाही, झाडे लावलेल्या वाफ्यात मुरते. प्रवाळ पोषकद्रव्ये कमी असलेल्या पाण्यात वाढते. साबणातले फॉस्फेट आणि मैल्यातला नायट्रोजन तिथे पोचला की शेवाळ माजते आणि प्रवाळाला झाकून टाकते. म्हणूनच शौचालयही कंपोस्टचे आहे, फ्लश नाही. वापरल्यावर सुका पाला टाकायचा. त्याला वास येत नाही, पण ते कोरडे राहिले तरच. पाणी पडत राहिले की हवा अडते, कुजण्याऐवजी सडायला लागते. पाण्याची सवय असलेल्यांनी पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे, लाजू नये.

झोपायची जागा वरच्या माळ्यावर, आणि समुद्राकडची भिंत दोरीने खाली सोडता येते. मच्छरदाणीत पडल्या पडल्या थेट वारा अंगावर येतो. एसी नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा जाणवतोच. मोबाइल आणि कॅमेरे चार्ज करण्याबाबत आधी विचारा.

पाण्यात बेटाचे मार्गदर्शक सोबत असतात, आणि स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून खोल बुडी मारणे, पर्यटकांना पूर्णपणे बंद आहे. डायव्हिंगची हौस असेल तर इथे येऊ नका. पण स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत वरूनच पाण्यात पाहण्यासाठी, हा पट्टा अप्रतिम आहे, कारण सगळे वरच्या काही मीटरांत, भरपूर उजेडात आहे. माशांच्या ४०० हून अधिक जातींची इथे नोंद आहे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो कर्रकर्र आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. महाशिंपल्यावर आपली सावली पडली की त्याची निळी-जांभळी मांसल किनार झटकन आत ओढली जाते. सावली सरकवून थांबा, ती हळूहळू पुन्हा उलगडते.

प्रवाळ मोडते ते बहुतेक वेळा मास्कमुळे. पाणी आत आले की माणूस गोंधळून उभा राहतो आणि पायातले फिन्स (पोहण्याचे रबरी पंखे) खालच्या प्रवाळाच्या फांद्यांवर आपटतात. उपाय किनाऱ्यावरच करावा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. पडला नाही तर मास्क तुमच्या मापाचा. मिशी असेल तर पाणी झिरपते, वरच्या ओठावर थोडे व्हॅसलीन लावा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क स्वतः घेऊन या. पोहायला येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला आणि आडवेच राहा. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा, पाठही भाजत नाही आणि पाण्यात रसायनही जात नाही. २०१६ साली पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले होते, त्यामुळे काही वसाहती अजून लहान दिसल्या तर नवल नाही.

जंगल जुन्या प्रवाळाच्या धारदार खडकावर उभे आहे. माती जवळजवळ नाही. मुळे खडकाला कवळून भेगांत शिरलेली आहेत, आणि पायाखाली जीवाश्म झालेले शिंपले दिसतात. चप्पल चालणार नाही. छोटे, दुर्मीळ एडर्स डायकर हरीण इथे आणून सोडले आहे, पण ते दिसेलच या आशेने जाऊ नये. १९०४ चे दीपगृह मात्र चढाच, वरून प्रवाळपट्टा कुठे संपतो आणि खोल निळे पाणी कुठे सुरू होते ती रेघ दिसते.

मुक्कामाचे खरे कारण आहे रात्र. जेवणानंतर मार्गदर्शक टॉर्च घेऊन नारळ-खेकडे दाखवायला नेतात. जमिनीवर राहणारा हा जगातला सर्वांत मोठा संधिपाद (खेकडे, कीटक यांच्या वर्गातला) प्राणी, पूर्ण वाढीचा चार किलोपर्यंत भरतो. दिवसा तो मुळांच्या पोकळीत असतो, त्यामुळे दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांना क्वचितच दिसतो. १९९७ मध्ये बेटावरचे उंदीर पूर्णपणे संपवले गेले, त्याचा फायदा जमिनीवर राहणाऱ्या सगळ्यांनाच झाला. म्हणूनच सामानातून किडामुंगी किंवा बिया येणार नाहीत, एवढी काळजी आपणही घ्यावी. खेकड्यावर सतत प्रकाश रोखू नका. हाताचे बोट तर चुकूनही जवळ नेऊ नका, त्याची नांगी नारळ फोडते. चपला आणि पिशव्या बाहेर ठेवू नयेत, तो ओढून नेतो.

एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात जाऊ नये. जून ते ऑगस्ट दक्षिणेचा वारा असतो, हवा थंड पण समुद्र खवळलेला. नोव्हेंबर ते मार्च पाणी शांत आणि नितळ. दिवसाच्या सहलीच्या जागा मुक्कामाचे पाहुणे कमी असतील तेव्हाच सुटतात, म्हणून तिच्या भरवशावर कार्यक्रम आखू नये. झांझिबारमध्ये परदेशी प्रवाशांना १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथलाच प्रवास विमा सक्तीचा आहे, प्रौढांसाठी ४४ डॉलर, तोही खर्चात धरा. गुडघे दुखत असतील तर बोटीतून पाण्यात उतरणे आणि माळ्याचा जिना या दोन गोष्टींबद्दल बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या.